नारळ न खाल्लेलं इंजिन

पुसदच्या ज्या जिनिंग फॅक्टरीत मी फिटर होतो, तिथलं डिझेल इंजिन मोठं धार्मिक होतं. सकाळी उदबत्तीचा वास घेतल्याशिवाय ते सुरू होत नाही अशी त्याची ख्याती होती. दर खंडेनवमीला त्याला हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि नारळ लागायचा. आडवं, एका सिलिंडरचं, माणसाच्या उंचीच्या फ्लायव्हीलचं ते धूड मूळचं इंग्लंडचं. पण पुसदला आल्यावर कुणीतरी त्याची मुंज लावून टाकली असावी. कापसातून सरकी काढणारे सगळे रेचे त्याच्याच पट्ट्यावर फिरायचे. ते चाललं तर जिन चालायचं, आणि त्याला चालवणारा इंजिन ड्रायव्हर म्हणजे जिनातला राजा.

ते राजेपण मला हवं होतं. ते इंजिन चालवणारे आमचे हेडमिस्त्री म्हातारे झाले होते आणि येत्या दसऱ्याचा मुहूर्त करून निवृत्त होणार होते. वाल्व्ह घासणं, रिंगा बदलणं, पंप साफ करणं ही कामं केव्हापासूनच माझ्या हातची झाली होती. तेव्हा त्यांच्या जागी मी, असं मी धरूनच चाललो होतो. अडचण एकच होती. इंजिन चालवणाऱ्याला इंजिनाची पूजा करावी लागे, आणि मी पूजा करणारा नव्हतो.

छप्पन साली दसऱ्याला आम्ही घरची सगळी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध झालो होतो. हात वर करून बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. परत आल्यावर बापानं देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले, पूस नदीत सोडले आणि घरी येऊन पोटभर जेवला. त्याआधी मी जिनात हमाल होतो. इंजिनाच्या खोलीत तेलाचा डबा द्यायचा तर उंबरठ्याबाहेरून आत सरकवायचो, कारण आत पूजा होती आणि माझ्यानं ती बाटत होती. पुढे मिस्त्रींना वाकवेना, तेव्हा मला आत घेतलं. खाली वाकून करायच्या कामाला विटाळ नसतो, हे तेव्हा कळलं. आणि आता आत आल्यावर म्हणत होते, पूजा कर. म्हणजे आधी मी पूजा करतो म्हटलं असतं तर इंजिन बाटलं असतं, आणि आता करत नाही म्हटलं तर बिघडत होतं. एवढं नाजूक इंजिन मी दुसरं पाहिलं नाही.

मॅनेजरसाहेब अमरावतीकडचे, बी.कॉम. झालेले. त्यांच्याकडे मी सरळ विषय काढला.

"तुझ्या कामाबद्दल शंकाच नाही," ते म्हणाले. "पण बिनपूजेचं यंत्र चालत नाही. हा अनुभव आहे."

"साहेब, हे इंजिन इंग्लंडात तयार झालं. तिथं नारळ कोणी फोडला?"

"तिथे पाद्री असतो."

"आणि आपल्या इकडच्या मोटारी?"

"कारखान्यातच होते पूजा. नारळ खाऊनच त्या बाहेर पडतात." साहेबांना आता मजा वाटू लागली होती. "असं कर, जन्मापासून कुणी ज्याला हात जोडले नाहीत आणि जे स्वतःच्या जोरावर चालतं, असं एक यंत्र मला दसऱ्याच्या मुहूर्ताला चालवून दाखव. इंजिन तुझं. नाहीतर अकोल्याहून एक माणूस बोलावलाच आहे."

एवढं बोलून ते चहाला निघून गेले. त्यांनी ते थट्टेत म्हटलं होतं. पण गरिबाला एक खोड असते, तो साहेबांचं बोलणं मनावर घेतो.

त्यांच्या त्या बोलण्याचा अर्थ असा होता, की यंत्र विकत आणून भागणार नाही. ते माझ्याच हातानं जन्माला यायला हवं होतं. गावच्या वाचनालयात एक विज्ञानाचं मासिक यायचं. त्यात जेट विमानाच्या इंजिनावर लेख होता आणि काडेपेटीएवढी आकृती होती. पुढून हवा ओढायची, पंख्यानं ती दाबायची, त्यात तेल पेटवायचं आणि तापलेली हवा मागं फेकायची. जाता जाता ती हवा मागचं एक चाक फिरवते, त्या चाकाच्या दांड्यावर पुढचा पंखा असतो, म्हणून एकदा सुरू झालं की ते आपलं आपण चालत राहतं. ओढा, दाबा, पेटवा, फेका. मला ते लगेच पटलं. आमच्या जिनात मजुरांच्या बाबतीत हीच पद्धत होती. आणि चीनच्या लढाईनंतरच्या त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी जेट विमानं होती, तेव्हा साहेबांवर छाप पडेल असंही वाटलं.

पावसाळ्यात जिन बंद असतं. दुरुस्तीचे दिवस असतात, लेथ मोकळा असतो, आणि मिस्त्री दुपारी सरकीच्या पोत्यावर आडवे होतात. मला एवढं पुरे होतं. मागच्या चाकासाठी मी इंजिनाचा निकामी झालेला एक्झॉस्ट वाल्व्ह, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणारी झडप, घेतला. त्याचं डोकं आगीतच वाढलेलं, त्यामुळे ते पोलाद तापून वाकणारं नव्हतं. ते लेथवर पातळ केलं, कडेनं हॅक्सॉनं खाचा पाडल्या आणि एकेक पातं पक्कडीनं पिळून तिरपं केलं. पुढच्या पंख्यासाठी मोडक्या लॉरीचे ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळवून वाळूत ओतले. तीन वेळा ओतल्यावर तो पंख्यासारखा दिसू लागला. त्याआधी तो तुडवलेल्या भज्यासारखा दिसत होता. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या मॅग्नेटोचे दोन छोटे बेअरिंग मिळाले. बाहेरचं कवच म्हणून कापूस ओढायच्या नळाचा तुकडा झाला. आत भोकांभोकांची पत्र्याची नळी बसवली, तिच्यात तेल पेटायचं. सुरुवातीला हवा द्यायला आमच्या भट्टीचा हातानं फिरवायचा भाता होताच.

राहिला तेल पेटवायचा भाग. रॉकेलची वाफ करून ती पेटवणारी वस्तू साऱ्या पुसदमध्ये घरोघरी होती. आमच्या घरी ती पितळेची होती, आणि बायकोला तिच्या भावानं दिली होती.

"स्टोव्ह कुठं गेला?" तिनं विचारलं.

"जिनात हाय. कामाले नेला."

"कायच्या कामाले?"

मी सगळं समजावून सांगितलं. साहेबांची अट, पूजा, जेट, वाल्व्ह. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि चुलीत फुंकर मारली.

"अवो, तुमच्या इंजिनाले नारळ चालत नाही," ती म्हणाली, "पण माह्या स्टोव्हचा बळी चालते काय?"

मी उठून जिनात गेलो.

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा ज्वाळा मागून निघण्याऐवजी पुढून निघाली आणि माझ्या भुवया घेऊन गेली. बायको म्हणाली, विमान मागं जाऊन राह्यलं वाटते. आतल्या नळीची भोकं फार मोठी होती आणि हवा आत शिरून वाट्टेल तिकडे पळत होती. मी पुढची भोकं बुजवली, मागची वाढवली. दुसऱ्यांदा ज्वाळा योग्य दिशेनं गेली, पण चाक तापलं, फुगलं आणि कवचाला घासून असं किंचाळलं की सरकीच्या पोत्यावरचे मिस्त्री उठून बसले. थंड असताना फिरतं म्हणून मी खूश होतो. पण थंड इंजिनाचा स्वभाव आणि तापलेल्याचा स्वभाव एक नसतो, हे मला घरच्या अनुभवावरून कळायला हवं होतं. चाक लेथवर चढवून कडेनं केसभर खाल्लं.

मग बेअरिंग जाम झालं. साधं तेल त्या उष्णतेनं जळून काळं डांबर व्हायचं. बरेच प्रकार करून पाहिले आणि शेवटी एरंडेल वापरलं. ते जळतं, पण चटकन हार मानत नाही. ते थेंबथेंब सोडायला रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, वात केली, वर एक बाटली टांगली. आमच्याकडं दुसरं काही नसलं तरी रुई होती. त्यानंतर माझ्या प्रयोगाच्या दिवशी सगळ्या जिनात जुलाबाच्या औषधाचा वास सुटायचा आणि वजनकाट्यावरचा बाबू पंचा नाकाला लावून बसायचा.

इथपर्यंतची भांडणं सरळ होती. खरा छळ पुढेच होता. भाता फिरवत असलो की इंजिन छान शिट्टी वाजवी. भाता काढला की शिट्टी खाली उतरत उतरत मरून जाई. म्हणजे ते चालत नव्हतं, मी त्याला चालवत होतो. कित्येक आठवडे हेच. मी हवा गळते म्हणून शंका घेतली. तारेच्या टोकाला रुईचा पुंजका बांधून सांध्यासांध्यावर धरला. जिथं पुंजका हलला तिथं गळती. सगळ्या गळत्या बंद केल्या, तरी तेच. मग एक दिवस चाक काढून पाहिलं, तर पात्यांची फक्त बाहेरची टोकं काजळली होती. मधला भाग स्वच्छ. म्हणजे तापलेली हवा पात्यांच्या टोकांना चाटून निघून जात होती, पात्यांवर नीट आदळतच नव्हती. चाकासमोर हवेला तिरपं वळण देणारी पात्यांची एक कडी मी बसवली होती, ती जरा मोठी झाली होती. तापलेली हवा नुसती वरवर कुरवाळत होती. साहेबांच्या कौतुकासारखं होतं ते, त्यानं काही फिरत नाही.

कडी नवीन केली. भाद्रपदात एका दुपारी भाता काढला आणि शिट्टी उतरली नाही. उलट चढली. चढत चढत तिची किंकाळी झाली, छपरावरची कबुतरं उडाली, आणि माझं इंजिन कुणाच्याही मदतीशिवाय आपलं आपण चालायला लागलं. स्टोव्हच्या टाकीतला दाब संपेपर्यंत ते चाललं. मला रडू आलं. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, हे मी बायकोला कधी सांगितलं नाही.

मिस्त्री दारात उभे होते. त्यांनी इंजिनाला हात जोडले होते.

"काका, हात कायले जोडून राह्यले?" मी घाबरून ओरडलो. "पूजा झाली म्हणतील ना!"

"लेका, जे आपलं आपण चालते, त्याले हात जोडाचे असतात," ते म्हणाले. मग माझं तोंड पाहून त्यांनी हात खाली घेतले आणि खिशात घातले. "बरं बाप्पा. नाही जोडत."

मिस्त्री माणूस प्रेमळ होते. त्यांनीच मला लेथ शिकवला होता. त्यांच्या जागी मी यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते इतकं वाटत होतं की कळंबच्या गणपतीला माझ्यासाठी नवस बोलून आले होते. मी म्हटलं, काका, हा नवस फेडाचा कोणी? तर म्हणाले, बोललो म्या, फेडीन म्या, तुले त्रास काय?

खंडेनवमीला जिनात पूजा होती आणि मी तिकडे फिरकलो नाही. दुसऱ्या दिवशीचा दसरा आमच्याही दीक्षेचा दिवस. वस्तीत विहार म्हणून एक टिनाचं शेड होतं, त्याला चुना मारायचं काम आम्हा लोकांकडं होतं. माझा सण आणि जिनाचा मुहूर्त एकाच दिवशी यायचा, आणि दोन्हीकडं मला पांढरे कपडे घालून जायचं होतं. सकाळी वंदना करून मी तसाच जिनात आलो. अंगणात लोखंडी चौकटीवर माझं इंजिन मांडलं. ते रात्रभर दुकानात, म्हणजे आमच्या लेथच्या शेडमध्ये, फडक्याखाली होतं. फडकं जसं टाकलं होतं तसंच होतं, मला काही वेगळं दिसलं नाही.

कापूस यायला दिवाळी उजाडते, पण मुहूर्ताला सगळे जमायचे. हमाल, कापूस निवडणाऱ्या बाया, काट्यावरचा बाबू नाकाला पंचा लावून, आणि ठेवणीतला कोट घातलेले मॅनेजरसाहेब. माझी बायकोही बायांच्या घोळक्यात येऊन उभी राहिली. तिला जेटचं कौतुक नव्हतं, स्टोव्हचं शेवटचं दर्शन घ्यायला आली होती.

"आता बिनपूजेचं यंत्र चालताना पाहू," साहेब सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मी एका हमालाला भाता फिरवायला लावला, रॉकेल सोडलं, काडी लावली. शिट्टी आली. चढली. मी भाता काढायची खूण करणार, तेवढ्यात आत फट् असं काहीतरी झालं. मग फट् फट् फट्. आणि इंजिनाच्या मागून काहीतरी पांढरं उडालं आणि साहेबांच्या कोटावर आपटलं. मग आणखी. मग मूठभर. शिट्टी अडखळली, मागून लांब पिवळी जीभ निघाली, आणि इंजिन थांबलं.

एका बाईनं वाकून जमिनीवरचं एक पांढरं उचललं.

"पाह्य वं माय," ती म्हणाली, "लाह्या!"

खरोखर ज्वारीच्या लाह्या होत्या. काही पांढऱ्याशुभ्र, काही जळालेल्या. साहेबांच्या कोटाच्या कॉलरवर एक अडकली होती. जेट इंजिनातून धूर निघतो, ज्वाळा निघते, हे मासिकात होतं. लाह्यांचा उल्लेख नव्हता. दोनतीन बायांनी लाह्या कपाळाला लावल्या, एकीनं पदरात बांधल्या. मागून कुणीतरी "परसाद हाय" म्हणालं, त्याबरोबर हमाल वेचायला धावले. माझं साऱ्या पावसाळ्याचं काम जमिनीवरून वेचून लोक खात होते.

मी इंजिन तसंच गरम उघडलं. हात भाजले, पण ते मला नंतर कळलं. तिरप्या पात्यांच्या कडीत लाह्या गच्च बसल्या होत्या. हवा जायला जागाच नव्हती. एकेक लाही मी चिमट्यानं काढून तळहातावर ठेवत होतो, आणि ही ज्वारी आत गेली कशी हे मला उमजत नव्हतं. आमच्याकडं तांदूळ सणासुदीला दिसायचा, म्हणून लग्नातसुद्धा अक्षता ज्वारीच्याच असत, कुंकवात भिजवलेल्या. हे आठवलं आणि मी मिस्त्रींकडं पाहिलं.

ते पुढं आले. "जवारी माह्या हातची हाय," ते म्हणाले.

"काका!"

"काल सगळ्या मशिनींची पूजा झाली. रेच्याची झाली, लेथची झाली, काट्याचीबी झाली. हे एकलंच फडक्याखाली बसून होतं. मले पाहावलं नाही, लेका. दोन दाणे टाकले. कुंकू लावलं थे पुसून टाकलं, तुले राग येईन म्हून."

दोन दाणे म्हणजे मूठभर, हे सगळ्यांच्या पदरात दिसत होतं. मला इतका राग आला की मी चिमटा फेकून दिला. ह्या माणसानं मला लेथ शिकवला होता आणि ह्याच माणसानं माझ्या इंजिनाच्या तोंडात प्रेमानं ज्वारी कोंबली होती. शत्रूनं केलं असतं तर निदान दोन शिव्या तरी देता आल्या असत्या.

साहेबांनी कॉलरवरची लाही काढली आणि बोटांत धरली. "म्हणजे मिस्त्री, पूजा केली म्हणून यंत्र बंद पडलं, असं म्हणायचं आहे तुम्हाला?"

मिस्त्रींनी मोठ्या इंजिनाच्या खोलीकडं पाहिलं. जन्मभर इंजिनाला उदबत्ती लावलेला माणूस, निवृत्तीच्या दिवशी, सगळ्या जिनासमोर. मी माझा राग विसरून त्यांच्याकडं पाहत राहिलो.

"मोठ्या इंजिनाचं तोंड मोठं हाय, साहेब," ते शेवटी म्हणाले. "थे खाऊन घेते. ह्याचं लहान हाय."

आणि माझ्या तळहातावरची एक लाही उचलून त्यांनी तोंडात टाकली. इतक्या वर्षांत हा माणूस मला तंबाखू द्यायचा तर वरून हातावर टाकायचा, आणि माझ्या डबीतली चिमूट त्यानं कधी घेतली नव्हती. "जराशी कच्ची राह्यली," ते चावत म्हणाले. त्यांच्या ध्यानात तरी आलं की नाही कोण जाणे. माझ्या आलं. बायकोच्याही आलं, कारण तिनं पदर तोंडाला लावला.

मी कडी साफ केली, इंजिन जोडलं, स्टोव्हच्या टाकीत पुन्हा हवा भरली. या वेळी भाता मिस्त्रींनी फिरवला. शिट्टी आली, चढली, मी खूण केली, त्यांनी भाता बाजूला घेतला. शिट्टीची किंकाळी झाली. एरंडेलाचा वास सुटला. बायांनी कानांवर हात ठेवले. कुणाचा हात नाही, पट्टा नाही, भाता नाही, आणि माझं इंजिन त्या चौकटीवर थरथरत आपलं आपण चाललं होतं. टाकीतला दाब उतरल्यावर ते शांतपणे थांबलं. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

"चाललं," साहेब म्हणाले. "मानलं. पण पूजा तर झालेलीच होती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आणि वाल्व्हही आमच्याच इंजिनाचा. त्यात किती वर्षांची पूजा मुरलेली आहे!" हे बोलून झाल्यावर मात्र त्यांनाच थोडं कसंसं झालं असावं. त्यांनी मुहूर्ताच्या ताटातला नारळ उचलला आणि माझ्यापुढं धरला. "जाऊ दे. वाद नको. तू हुशार आहेस. एवढा एक नारळ फोड आणि मोठं इंजिन चालू कर. आजपासून ड्रायव्हर तू."

एक नारळ. सगळे माझ्याकडं पाहत होते आणि प्रत्येकाच्या तोंडावर तेच होतं, की एकच तर नारळ आहे. उघड्या दारातून ते इंजिन दिसत होतं. त्याचं पितळ मीच घासलेलं होतं. मला ते हवं होतं, फार हवं होतं, इतकं की माझा हात थोडा पुढं झालाही. ज्या खोलीत मी डबा बाहेरून सरकवायचो, तिथं आता नारळ माझ्या हातानं फुटावा असं साहेबच म्हणत होते. बापाला हे पाहायला मिळालं असतं तर तो हसला असता, आणि मग मला हाणला असता. मी बायकोकडं पाहिलं. ती आपल्या स्टोव्हकडं पाहत होती.

"माझ्यानं होणार नाही, साहेब," मी म्हणालो. "इंजिन चालवतो म्हटलं होतं. ते चालवतो. हे नाही."

"मग अकोल्याचा माणूस…"

"द्या तो नारळ इकडं," मिस्त्री मध्येच म्हणाले आणि साहेबांच्या हातून त्यांनी तो ओढूनच घेतला. "नारळ म्या फोडतो. रोज सकाळी येऊन उदबत्तीबी म्या लावतो. इंजिन ह्याले चालवू द्या."

"पण तुम्ही आजपासून निवृत्त ना?"

"नोकरीतून झालो, साहेब. देवातून थोडाच झालो?"

साहेब विचारात पडले. अकोल्याच्या माणसाला राहायला खोली द्यावी लागणार होती, ती कुठून द्यायची हा प्रश्न त्यांना आधीपासूनच होता. तत्त्वाचे बरेच प्रश्न असे खोलीवर येऊन सुटतात. मिस्त्रींनी उंबरठ्यावर नारळ फोडला, बाजूला सरकले, आणि मी आत जाऊन इंजिन चालू केलं.

त्यानंतर हंगामात रोज सकाळी मिस्त्री यायचे. भोंग्याच्या आधी, धोतर सावरत, कानाला मफलर. त्यांची उदबत्ती होईपर्यंत मी दाराबाहेर उभा राहायचो. "अजून किती?" मी ओरडायचो. "देवाले घाई नसते," आतून उत्तर यायचं. "गाड्यावाल्यांले असते ना, काका!" मग ते बाहेर येऊन म्हणायचे, "जा, आता तुहं चालू दे." खंडेनवमीला अक्षता टाकायच्या आधी ते स्वतःच्या हातानं इंजिनाच्या हवेच्या तोंडावर गोणपाट बांधायचे आणि मला बोलावून दाखवायचे. मी रोज त्यांना म्हणायचो की ह्या धुपाटण्याचा काही उपयोग नाही, इंजिन डिझेलवर चालतं. ते रोज म्हणायचे, मग एक दिस बिनउदबत्तीचं चालवून पाह्य. मी कधी पाहिलं नाही. म्हाताऱ्याला वाईट वाटलं असतं, आणि खरं म्हणजे भांडायला मला ते रोज हवे होते. आमचं हे भांडण सगळ्या जिनाला पाठ झालं होतं.

एका हंगामात, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती त्या दिवसांत, ते सकाळी आले नाहीत. मी दाराबाहेर उभा राहिलो. थंडी होती, उशीर होत असेल म्हणून आणखी थांबलो. मग काट्यावरचा बाबू आला आणि त्यानं सांगितलं, मिस्त्री पहाटे गेले.

भोंगा झाला. साहेब गावाला गेले होते, विचारायला कुणी नव्हतं, आणि गाड्यावाले ओरडत होते. मी आत गेलो. कोनाड्यात कालच्या उदबत्तीची राख होती. पहार लावून फ्लायव्हील खुणेवर आणलं आणि टाकीत दाबून भरलेल्या हवेचा वाल्व्ह उघडला. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. बिनपूजेचं, नेहमीसारखं, एकदाही न अडखळता. इतकी वर्षं मी जे सांगत आलो होतो ते सगळ्या जिनासमोर खरं ठरलं होतं, आणि मी त्या इंजिनापाशी उभा राहून ते बंद पडण्याची वाट पाहत होतो.